मेमरीची जोडी

मेमरीच्या पट्टीची कडा निरखून पाहिली, तर सोनेरी पिनांच्या रांगेत एक खाच दिसते. डीडीआरची पट्टी २.५ व्होल्टवर चालायची, डीडीआर२ ची १.८ वर, डीडीआर३ ची १.५ वर, डीडीआर४ ची १.२ वर आणि आजची डीडीआर५ ची १.१ वर. दर पिढीला व्होल्टेज बदललं, तारांची मांडणी बदलली आणि त्याबरोबर खाचेची जागाही सरकली. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोघींनाही २४० पिना आहेत, डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींनाही २८८. तरी एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण खाच आडवी येते. चुकीची मेमरी चुकीच्या बोर्डावर चढून दोन्ही जळू नयेत, एवढ्यासाठी ती कापलेली असते.

पण काय बसणार नाही, एवढंच ती खाच सांगते. बसलेल्या दोन पट्ट्या एकमेकींशी, बोर्डाशी आणि प्रोसेसरशी नांदतील का, हे तिला सांगता येत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी संगणक जुळवतो आहे. आधी लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्याच्या दुकानात, नंतर ठाण्यात स्वतःच्या कार्यशाळेत. छपाईवाले, व्हिडिओ संकलक, आर्किटेक्ट, ॲनिमेशन करणारी मुलं, अशा जोरकस मशिन लागणाऱ्या लोकांसाठी मी काम केलं. या सगळ्या काळात आमच्या धंद्याचा सर्वांत नाजूक प्रश्न एकच राहिला, तो म्हणजे मेमरीची जोडी. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र दर पिढीला वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असे. ते आधी कुठे होतं, नंतर कुठे गेलं, हाच या कारागिरीचा इतिहास आहे.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेला टीआयएफआरएसी हा संगणक १९६० साली चालू झाला. त्याची मेमरी चुंबकीय कड्यांची होती, बारीक कडी तारांत ओवून केलेली. ४० बिटांचे २०४८ शब्द एवढी तिची क्षमता. ती त्या यंत्राचाच अवयव होती. बाजारातून दुसरी आणून लावण्याची सोय नव्हती.

ती सोय सिलिकॉनच्या चिपने आणली. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्डने एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यातच एक बिट साठवण्याची युक्ती काढली आणि १९६८ साली तिचं पेटंट मिळवलं. १९७० साली इंटेलची ११०३ नावाची चिप बाजारात आली. तिच्यात १०२४ बिट मावत. पुढच्या दशकात कड्यांची मेमरी मागे पडली आणि मेमरी ही सुटी विकत घेण्याची वस्तू झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या बोर्डावर मेमरीच्या चार रांगा होत्या. दर रांगेत नऊ चिपा. पहिली रांग कारखान्यातच डाख लावून बसवलेली, बाकी तीन रांगांसाठी रिकामे सॉकेट. आठ चिपा माहितीच्या आणि नववी पॅरिटीची, म्हणजे आठांतल्या एखादीने चूक केली तर ती पकडणारी.

त्या पिढीच्या कारागिराकडून मी काम शिकलो. त्याचं सगळं ज्ञान चिपेच्या पाठीवरच्या आकड्यात आणि त्याच्या अंगठ्यात होतं. चिपेच्या नंबरापुढे '-१५' असेल तर ती १५० नॅनोसेकंदांची, '-१२' असेल तर १२० ची. बोर्डाला १५० लागत असेल तर १२० ची चालते, २०० ची चालत नाही. चिप बसवताना एकही पाय दुमडला जाता कामा नये आणि कोणत्या टोकाची पिन कुठे, हे पाहूनच दाबायचं. मशिन दिवसभर तापे, रात्री निवे. या रोजच्या फुगण्या-आक्रसण्याने चिपा सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. बंद पडलेलं मशिन आलं की झाकण उघडून पहिल्यांदा सगळ्या चिपा अंगठ्याने दाबायच्या, हा शिरस्ता होता. कितीतरी मशिनं तेवढ्यानेच जागी होत. जोडी जुळवण्याचं शास्त्र तेव्हा कागदावर नव्हतं, ते माणसात होतं.

चिपा पट्टीवर आल्या त्या वँग लॅबोरेटरीजमुळे. १९८३ च्या सुमारास त्या कंपनीने छोट्या पट्टीवर नऊ चिपा बसवून ती उभी खोचण्याची रचना केली. हीच सिम. १९८७ साली कॅलिफोर्नियात जॉन टू आणि डेव्हिड सन यांनी किंग्स्टन सुरू केली, ती एका अडचणीतून. पृष्ठभागावर डाख लावण्याच्या चिपांचा तेव्हा तुटवडा होता. त्यांनी जुन्या, लांब पायांच्या चिपा वापरून सिम तयार केली. मेमरीच्या व्यापाराचं हे रूप पुढेही टिकलं. चिप एकाची, पट्टी दुसऱ्याची, बोर्ड तिसऱ्याचा, आणि त्यांना एकत्र नांदवणारा माणूस चौथा.

मी लॅमिंग्टन रोडवर आलो तो ३० पिनांच्या सिमचा काळ. नकाशावर डॉ. भडकमकर मार्ग, पण मुंबईकराच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलं की रेडिओच्या सुट्या भागांची जुनी दुकानं लागत आणि त्यांच्यामध्ये संगणकाची नवी. इथे मी पहिलं गणित शिकलो. ३० पिनांची सिम एका वेळी आठ बिट देते. ३८६एसएक्सला सोळा लागतात, म्हणून दोन पट्ट्या. ४८६ ला बत्तीस लागतात, म्हणून चार. चारांतली एक जरी कमी असली, वेगळ्या मापाची किंवा मंद असली, तरी पूर्ण रांग बाद. पुढे ७२ पिनांची सिम आली, ती एकटीच बत्तीस बिट देई. ४८६ चं काम एका पट्टीत भागू लागलं. पण पेंटियमची वाट चौसष्ट बिटांची, त्यामुळे पुन्हा दोन. शेवटी १६८ पिनांची डिम आली आणि ती एकटीच चौसष्ट बिट देऊ लागली. एक पट्टी लावा आणि मशिन चालू करा, ही चैन तेव्हा पेंटियमलाही मिळाली.

भावाचा अंदाज मात्र कुणालाच बांधता येत नसे. ४ जुलै १९९३ रोजी जपानमध्ये निहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवरचं काळं कवच ज्या राळेचं करतात, त्या राळेचा जगाला होणारा मोठा पुरवठा तिथून होई. काही दिवसांतच मेमरीचे भाव जगभर भडकले. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधल्या भूकंपानंतरही तेच झालं. सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी धरता येत नसे. आमच्याकडे कोटेशनवर मेमरीची ओळ वेगळी लिहायची पद्धत होती. बाकीच्या मालाचा भाव आठवडाभर पक्का, मेमरीचा फक्त त्या दिवसापुरता.

दादर-गिरगावातले छापखाने त्या वर्षांत खिळ्यांवरून डीटीपीवर येत होते. पेजमेकर, कोरल ड्रॉ, फोटोशॉप आणि मराठीसाठी श्रीलिपी. फोटोशॉपला मेमरी कितीही दिली तरी थोडीच पडे. छापखान्याचे मालक गाठीला पैसे जमले की म्हणत, "अजून रॅम घाला." इथे जोडीच्या प्रश्नाचा एक नवाच पैलू पुढे आला. पेंटियमच्या पुष्कळ बोर्डांवर ४३०टीएक्स चिपसेट असे. मेमरी तो २५६ एमबीपर्यंत घेई, पण बोर्डावरचा कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, पहिल्या ६४ एमबीपुरताच कामाला येई. विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून भरू लागे. म्हणजे ६४ च्या वर मेमरी घातली, की यंत्रणेचा सर्वांत वापरातला भाग नेमका कॅशेच्या कक्षेबाहेर जाई. परिणामी मेमरी वाढे आणि रोजची कामं मंदावत. मोठ्या फाईलींवर काम करणाऱ्याला तरीही फायदा होता, कारण हार्ड डिस्कवर जाण्यापेक्षा मंद मेमरी कैक पटींनी बरी. पत्रं आणि बिलं टाइप करणाऱ्याला मात्र तोटाच. म्हणून कोणत्या बोर्डावर, हे विचारण्याआधी कोणत्या कामासाठी, हे विचारायची शिस्त मला त्या काळाने लावली.

मग १९९८ मध्ये पीसी१०० हे मेमरीचं मानक आलं आणि जोडीचं ज्ञान माणसाच्या हातून पट्टीवर गेलं. प्रोसेसरच्या बाहेरची वाट १०० मेगाहर्ट्झवर धावू लागली होती. हिशेबाने त्याला १० नॅनोसेकंदांची चिप पुरायला हवी. प्रत्यक्षात सिग्नल पोचायला लागणारा वेळ धरला की ती कमी पडे आणि ८ नॅनोसेकंदांची लागे. अंदाजपंचे दाहोदरसेला आता जागा उरली नव्हती. म्हणून प्रत्येक पट्टीवर आठ पायांची एक इवलीशी चिप आवश्यक ठरली. तिला एसपीडी म्हणतात. २५६ बाइटांत तिच्यावर पट्टीचं माप, वेग, थांबे, सगळं लिहिलेलं. मशिन चालू होताच बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, ते वाचतो आणि त्याप्रमाणे मेमरी चालवतो. जेडेक ही मानकं ठरवणारी संस्था. तिच्या तक्त्याप्रमाणे लिहिलेली पट्टी कोणत्याही बोर्डाला वाचता यावी, ही त्यामागची कल्पना. आमच्या कामाच्या इतिहासात याइतकं महत्त्वाचं वळण दुसरं नाही.

तरी कागदावर लिहिलेलं वाचता येणं वेगळं आणि पेलणं वेगळं. त्याच काळातला ४४०बीएक्स हा चिपसेट अतिशय भरवशाचा होता. पण २५६ एमबीची पट्टी सोळा चिपांची असेल तरच तो पूर्ण ओळखे. तेवढीच मेमरी नव्या, दाट अशा आठ चिपांत बसवलेली असली, तर त्याला १२८ एमबीच दिसे. गिऱ्हाईक म्हणे, माल खोटा आहे. माल खरा असे. चिपसेटचा जन्म त्या दाट चिपांच्या आधीचा होता, एवढंच. तेव्हापासून मेमरी हातात घेतली की आधी चिपा मोजायच्या, एका बाजूला आहेत की दोन्ही, हे पाहायचं, ही सवय लॅमिंग्टन रोडवरच्या प्रत्येक चांगल्या कारागिराला लागली.

याच सुमारास एका मोठ्या कंपनीने मेमरीची दिशाच बदलायचा प्रयत्न केला. इंटेलने रॅम्बस या कंपनीची मेमरी उचलून धरली. तिच्या पट्टीला रिम म्हणत. तिची वाट अरुंद पण फार वेगवान होती आणि सिग्नल एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत असा पुढे जाई. त्यामुळे एकही स्लॉट रिकामा ठेवून चालत नसे, त्यात चिपांशिवायची कोरी पट्टी बसवावी लागे. सप्टेंबर १९९९ मध्ये ८२० चिपसेटचे बोर्ड यायचे होते. तीन स्लॉट असलेल्या बोर्डांवर चुका दिसल्या, म्हणून ते अडकले आणि नोव्हेंबरमध्ये दोन स्लॉटांचे आले. डिमवरची साधी एसडीरॅम याच चिपसेटला जोडणारी एक मधली चिप होती, तिच्यातल्या दोषामुळे मे २००० मध्ये ते बोर्ड परत घ्यावे लागले. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तोही रिमसकट, आणि रिमा जोडीनेच लावायच्या. २००१ मध्ये इंटेलने पेंटियम ४ साठी साध्या एसडीरॅमचा चिपसेट दिला, पाठोपाठ डीडीआरचा. बाजाराने कौल दिला होता. स्वस्त, अनेक कारखान्यांत बनणारी, सर्वांच्या मानकावरची मेमरी लोकांना हवी होती. माझ्या मते तो कौल बरोबर होता. एकाच मालकाच्या दाराशी बांधलेली मेमरी कितीही वेगवान असली, तरी दुरुस्तीला आलेल्या माणसाला ती परवडत नाही.

डीडीआरचं मानक २००० सालचं. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देणं, ही त्यातली खुबी. तेव्हापासून नावांचा घोळ सुरू झाला, कारण पट्टीवर कधी वेग लिहीत तर कधी वाहतूक. डीडीआर-४०० आणि पीसी३२०० ही एकच वस्तू आहे. सेकंदाला ४० कोटी खेपा आणि दर खेपेला आठ बाइट, म्हणून ३२०० एमबी. २००३ मध्ये ८६५ आणि ८७५ चिपसेटांनी दुहेरी वाट सर्रास केली. एकेक पट्टीच्या चैनीचा काळ संपला आणि जोडी पुन्हा आली. या वेळी जोडी नसली तरी मशिन चालू होई, पण अर्ध्या वाटेने.

त्याच वर्षी एएमडीच्या ॲथलॉन ६४ ने मेमरीचा नियंत्रक बोर्डावरून उचलून प्रोसेसरच्या पोटात ठेवला. नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय७ सोबत इंटेलही त्याच वाटेने गेलं. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण आमच्या दृष्टीने घर फिरलं. आजवर मेमरीचं बोर्डाशी जमलं की झालं. आता थेट प्रोसेसरशी गाठ. शौकीन लोक वेगासाठी डीडीआर३ ला १.८ व्होल्टच्याही पुढे नेत. कोअर आय७ च्या वेळी इंटेलने बजावलं, १.६५ च्या वर जाल तर प्रोसेसर खराब होऊ शकतो. मेमरीच्या हट्टापायी प्रोसेसर गमावण्याचा धोका तिथे पहिल्यांदा आला.

शौकिनांसाठी पट्टीवर आणखी एक पान जोडलं गेलं. २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कोर्सेअरने ईपीपी आणलं, २००७ मध्ये इंटेलने एक्सएमपी, आणि २०२२ मध्ये एएमडीने एक्स्पो. जेडेकच्या तक्त्यापलीकडचा वेग या पानांवर लिहिलेला असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा या पानावरचा असतो. बायोसमध्ये जाऊन ते पान निवडलं नाही, तर मेमरी तक्त्यातल्या साध्या वेगानेच चालते. महागडी मेमरी घेऊन वर्षभर ती निम्म्या वेगाने वापरणारे लोक मला आजही भेटतात.

आणि त्या आकड्याने किती हुरळून जायचं, याचाही हिशेब वाचकाने एकदा मांडावा. पहिला शब्द मिळेपर्यंत घड्याळाचे किती ठोके थांबावं लागतं, ते सीएल सांगतो. डीडीआर-४०० ची चांगली पट्टी सीएल २ ची, म्हणजे पहिला शब्द मिळायला १० नॅनोसेकंद. डीडीआर३-१६०० सीएल ८, पुन्हा १०. डीडीआर४-३२०० सीएल १६, पुन्हा १०. डीडीआर५-६००० सीएल ३०, तेही १०. वीस वर्षांत वाहतूक पंधरा पटींनी वाढली, पण पहिला शब्द येण्याचा वेळ जागच्या जागी राहिला. म्हणून व्हिडिओ संकलकाला वेगाच्या आकड्याआधी मी पुरेशी क्षमता घ्यायला सांगतो.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन प्रोसेसर आला तेव्हा जोडीचा प्रश्न पुन्हा धारदार झाला. पहिल्या महिन्यांत तो मेमरीच्या बाबतीत चोखंदळ होता. सॅमसंगच्या बी-डाय चिपांशी त्याचं उत्तम जमे, इतरांशी जमेलच असं नाही. मे महिन्यात एएमडीने बायोससाठी नवा कोड दिला आणि परिस्थिती बरीच सुधारली. म्हणजे आता जुळणी बायोसच्या कोडमध्येही लिहिली जाऊ लागली. पट्टी तीच, बोर्ड तोच, प्रोसेसर तोच, नुसता बायोस नवा, आणि काल न चालणारी मेमरी आज चालते.

डीडीआर५ चं मानक जुलै २०२० चं. तिच्या पट्टीवर वीज सांभाळणारी चिप आहे आणि चौसष्ट बिटांची वाट बत्तीस-बत्तीसच्या दोन वाटांत विभागलेली आहे. मशिन पहिल्यांदा चालू करताना प्रोसेसर दर तारेचा वेळ मोजून स्वतः जुळणी करतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळा असतो. घाबरून वीज बंद करू नये. रायझन ७००० साठी एएमडीने दिलेली अधिकृत मर्यादा पाहा. दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चारही स्लॉट भरलेले छान दिसतात, पण वेगाची किंमत मोजावी लागते.

अंगठा, पट्टीवरची चिप, बायोसचा कोड, असा हा प्रवास झाला. लॅमिंग्टन रोडवर आजही बंद मशिन आलं की पट्टी काढून तिच्या पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसतात आणि पुन्हा बसवतात. पिनांवरचा मळ आणि ओल यांनी मुंबईत जितकी मशिनं अडतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने. ही जुनी रीत मला प्रिय आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ती सर्वांत आधी शिकवतो.

नवं मशिन जुळवणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. लागणारी सगळी मेमरी एकाच खोक्यातून, दोन पट्ट्यांची घ्या. वर्षभराने त्याच नावाची दुसरी जोडी आणून भागेल, असं धरू नका, कारण नाव तेच ठेवून आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात. बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या मेमरीची यादी प्रसिद्ध केलेली असते, ती पैसे देण्याआधी वाचा. चार स्लॉट असतील तर पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, बोर्डाचं पुस्तक पाहून खात्री करा. बायोस अद्ययावत करा, मग एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. शेवटी मेमटेस्ट रात्रभर चालवा. त्यात एकही चूक आली तर वेग कमी करा किंवा मेमरी बदलून घ्या. एका बिटाची चूक सहन करणारं मशिन तुमच्या कामाच्या फाईलींवर कधी उलटेल, याचा भरवसा नाही.